अनुस्वारबाईंचे दोन क्रमांक

बाईंना आमच्या कचेरीत सगळे अनुस्वार म्हणायचे. एक तर त्या चणीने ठिपक्याएवढ्या, आणि दुसरं म्हणजे त्यांची खोली पोटमाळ्यावर, म्हणजे सदैव सगळ्यांच्या डोक्यावर बसलेल्या. नाव ठेवलं होतं गोदाम सांभाळणाऱ्या काकांनी, त्यांच्या पाठीमागे. बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या जिना उतरून खाली आल्या आणि काकांना म्हणाल्या, "छान ठेवलंत. फक्त जपून राहा. अनुस्वार काढला की दंग्याचा दगा होतो." काका दोन दिवस त्यांच्या नजरेला नजर देत नव्हते.

आमची कचेरी म्हणजे शहराच्या बससेवेचा हरवले-सापडले विभाग. आगाराच्या मागच्या अंगाला, जुन्या टायरांच्या शेडला चिकटून. पुढे खिडकी, खिडकीमागे मी, माझ्यामागे गोदाम, आणि गोदामावर बाईंचा पोटमाळा. लोक बसमध्ये काय काय विसरतात हे ज्याने आमचं गोदाम पाहिलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. छत्र्या, चष्मे आणि जेवणाचे डबे तर ढिगाने. पण तीन कवळ्या होत्या, एक बासरी होती, भिंतीवरचं एक चालू घड्याळ होतं, आणि एक कुबडी होती. माणूस कुबडी घेऊन बसमध्ये चढला आणि ती विसरून उतरला, मग पुढे चालला कसा, हे कोडं काकांना निवृत्त होईपर्यंत सुटलं नाही.

बाई इथे लागल्या त्या चिठ्ठ्या टाइप करायला. प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी बांधायची, एवढंच काम. तेव्हा गोदामात एकाच वस्तूची सतरा नावं होती. कुणी लिही छत्री, कुणी अंब्रेला, कुणी 'काळी, मोडकी, मुठीला कुत्रा'. एक बाई आपली पर्स शोधत तीनदा येऊन गेली आणि तीनदा रिकाम्या हाती परतली, कारण तिची पर्स आमच्याकडे 'बटवा (मोठा)' म्हणून झोपली होती. बाईंना याचा मनस्वी संताप यायचा. त्यांनी वर्षभरात सगळं गोदाम उलटंपालटं केलं आणि प्रत्येक वस्तूला एकच नाव दिलं. "एका वस्तूला एकच नाव," असं मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलं. त्या वर्षी दुप्पट वस्तू घरी गेल्या. बाईंना त्याचा अभिमान होता, आणि तो रास्तही होता.

मग कचेरीत संगणक आला. सोबत डेटाबेस आला, पण तो चालवणारा कुणी आला नाही. त्याच सुमारास गोदामात एक जाडजूड पुस्तक पडून होतं. डेटाबेस शिकण्याचंच. सात नंबरच्या बसच्या शेवटच्या बाकावर सापडलेलं. मुदत उलटून गेली, कुणी न्यायला आलं नाही. बाईंनी रीतसर अर्ज करून ते स्वतः वापरायला घेतलं आणि समासात पेन्सिलने टिपणं करत करत सहा महिन्यांत पार केलं. पंचेचाळिशी उलटलेली बाई, जेवणाच्या सुट्टीत एका हातात पोळी-भाजी नि दुसऱ्या हातात पेन्सिल. काका म्हणायचे, "बाई, या वयात परीक्षा आहे का?" बाई म्हणायच्या, "परीक्षा त्याची आहे. मी तपासतेय."

आणि खरंच, त्यांनी आमचा सगळा कारभार त्या डेटाबेसात बसवला. एक मोठा तक्ता केला तक्रारींचा. प्रत्येक तक्रारीला क्रमांक, माणसाचं नाव, फोन, हरवलेली वस्तू, आणि शेवटच्या रकान्यात 'शोध चालू' किंवा 'सापडली'. 'सापडली' असं लिहिलं गेलं की दहा मिनिटांच्या आत त्या माणसाच्या फोनवर आपोआप निरोप जायचा: तुमची हरवलेली वस्तू सापडली आहे, ओळखपत्र घेऊन खिडकीवर यावे.

आता जे घडलं ते कळायला फंक्शन म्हणजे काय एवढं कळायला हवं, आणि ते सोपं आहे. यंत्राला एखादं काम एकदा शिकवून ठेवायचं आणि त्या कामाला नाव द्यायचं. पुढे नुसतं नाव घेतलं की काम होतं. बाईंनी असं एक फंक्शन लिहिलं. त्याला मी खिडकीवरून तक्रारीचा क्रमांक द्यायचा. त्याने तक्त्यात ती तक्रार शोधायची, तिच्यापुढे 'सापडली' लिहायचं, आणि मला माणसाचं नाव, फोन व वस्तू कळवायची. हे कळवण्यासाठी फंक्शनला तीन रिकामे डबे दिलेले असतात. काम झालं की डबे भरून परत येतात. पुस्तकात त्यांना आउटपुट पॅरामीटर म्हणतात. बाई डबेच म्हणायच्या.

एका मंगळवारी सकाळी त्यांनी ते चालू केलं. "एक खोटी तक्रार घालून आधी चाचणी घेतलीय," त्या पोटमाळ्यावरून ओरडल्या. "तू आता खरी घाल, खिडकी!" मला त्या खिडकीच म्हणायच्या. मला राग यायचा नाही. निदान मी कुणाच्या डोक्यावर नव्हते.

पहिली तक्रार होती एका शिंपीणबाईंच्या छत्रीची. छत्री आदल्या दिवशी सापडली होती. मी क्रमांक घातला, बटण दाबलं. डबे भरून आले. त्यात नाव होतं कुणा न्हाव्याचं, आणि वस्तू होती कंगव्यांची पेटी.

"बाई, छत्रीच्या जागी कंगवे आले!"

"क्रमांक चुकला असेल. परत घाल."

परत घातला. परत न्हावी, परत कंगवे. बाई खाली यायला निघाल्या आणि त्यांचा पाय तिसऱ्या पायरीवर असतानाच कचेरीतला फोन वाजला. एका गृहस्थांना निरोप आला होता की त्यांची वस्तू सापडली. ते आनंदाने विचारत होते की सकाळी येऊ की दुपारी. मी ठेवला तोच दुसरा वाजला. मग तिसरा. मग आमच्या साहेबांच्या खोलीतला वाजला, आणि तो सहसा वाजत नसे.

बाई थेट खाली आल्या. माझ्या यंत्रासमोर बसल्या, तक्ता उघडला. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सापडली, सापडली, सापडली. पाच वर्षांच्या साऱ्या तक्रारी. तीन हजार एकशे बारा माणसांना आम्ही कळवलं होतं की तुमची वस्तू सापडली आहे, या.

"आणि मला एकच न्हावी का दिसला?" मी विचारलं.

"डब्यात एकच माणूस मावतो," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "बाकीच्यांचं काम झालं, पण सांगायला जागा नव्हती."

त्यांनी आपलं फंक्शन उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, जिथे क्रमांक बरोबर क्रमांक. मी म्हटलं, "बरोबरच आहे की!" बाई म्हणाल्या, "हो ना. सगळ्यांच्याच बाबतीत बरोबर आहे."

एवढ्यात साहेब आले. साहेब माणूस चांगला, पण घाबरला की सदऱ्याच्या बाह्या वर करायचा. त्या दिवशी कोपरापर्यंत गेल्या होत्या. "बाई, हे काय झालंय?"

"साहेब, तक्त्यातल्या रकान्याचं नाव क्रमांक. आणि खिडकीवरून जो आकडा आत येतो त्यालाही मी नाव दिलं क्रमांक. एका वस्तूला एकच नाव, म्हणून. पण त्या दोन वस्तू आहेत."

"मग?"

"आमच्या घरी दोन आया आहेत," बाई म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"माझा नवरा त्याच्या आईला आई म्हणतो. त्याचं ऐकून माझी मुलगी आजीलाही आईच म्हणते. आणि मला तर म्हणतेच. ती आंघोळीला जाताना ओरडते, आई, दूध बघ गं! सासूबाईंना वाटतं सुनेला सांगितलं. मला वाटतं त्यांना सांगितलं. दूध उतू जातं."

"मग तुम्ही काय करता?"

"शेगडी पुसतो."

साहेबांना हसू आवरलं नाही आणि ते हसल्याबद्दल त्यांनाच राग आला. बाईंनी मात्र सगळं सरळ समजावलं. त्यांना म्हणायचं होतं, ज्या तक्रारीचा क्रमांक हा आत्ता आलेला क्रमांक आहे, तिच्यापुढे 'सापडली' लिही. आमच्या जुन्या डेटाबेसाची खोड अशी की दोन नावं सारखी दिसली की तो विचारायचा नाही, मनानेच एक धरायचा. त्याने दोन्हीकडे तक्त्यातलाच क्रमांक धरला. म्हणजे त्याला ऐकू आलं, ज्या तक्रारीचा क्रमांक तिच्या स्वतःच्या क्रमांकाएवढा आहे, तिच्यापुढे लिही. आता असा कुणाचा नसतो?

"पण चाचणी घेतली होती ना?"

"चाचणीच्या तक्त्यात तक्रार एकच होती, साहेब. एकाच माणसाच्या गावात चुकीच्या घरी पत्र जातं कुठे?"

साहेबांनी ठरवलं की बाहेर पाटी लावायची, यंत्रात बिघाड झाल्यामुळे निरोप गेले. बाईंनी पाटी लिहायला नकार दिला. "यंत्राने सांगितलेलं केलं. सांगताना मी चुकले. पाटीवर तसं लिहा, नाहीतर मी बाहेर उभी राहून सांगते." साहेबांना आपल्या कचेरीतलं माणूस दारात उभं राहून कबुली देतंय हे काही रुचेना. पण तोवर दारात माणसंच इतकी जमली होती की पाटी कुणाला दिसलीच नसती.

रांग टायरांच्या शेडला वळसा घालून आगाराच्या फाटकापर्यंत गेली. बस बाहेर काढायला जागा उरेना. ड्रायव्हर खाली उतरून रांगेतल्यांना विचारू लागले की तुमचं काय हरवलं होतं, आणि दोघा-तिघांनी "अहो, माझंही" म्हणत स्वतःच रांग धरली. बाई खरंच बाहेर गेल्या. काकांनी त्यांना उभं राहायला एक लाकडी खोकं दिलं, कारण नाहीतर आवाज नुसता आला असता, माणूस दिसला नसता.

"ऐका! निरोप चुकून गेला. माझ्या हातून गेला. तुमची वस्तू सापडली असेलच असं नाही. ज्यांना जायचं त्यांनी जा, माझी माफी घेऊन जा. ज्यांना थांबायचं त्यांची वस्तू आम्ही पुन्हा एकदा शोधू."

कुणीतरी शिवी हासडली. कुणीतरी म्हणालं, "आता आलोच आहोत तर बघूनच जाऊ." आणि गंमत म्हणजे बहुतेक लोक थांबले.

पुढचे तीन दिवस आमच्या कचेरीने जे केलं ते आधी पाच वर्षांत केलं नव्हतं. माणसं गोदामात येऊन स्वतः ओळखू लागली. आम्ही चिठ्ठीवर 'लोखंडी वस्तू' लिहून ठेवलेली चीज एका सुताराने छातीशी धरली. ते त्याच्या वडिलांचं गिरमिट होतं, लाकडाला भोक पाडायचं. कवळ्यांपैकी दोन मालकांकडे गेल्या, आणि तिसरीवर दोघांनी हक्क सांगितला. त्याचा निकाल कसा लावला ते इथे सांगत नाही. बासरी एका परिचारिकेची निघाली. तिने तिथेच वाजवून दाखवली, आणि इतकी बेसूर वाजवली की कुणाला पुरावा मागायचं धाडस झालं नाही. दोनशे चौदा वस्तू घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी ते पुस्तकवालेही आले. रांगेत पुढे आले आणि म्हणाले, "डेटाबेसचं एक जाड पुस्तक होतं, सात नंबरच्या बसमध्ये." मी बाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा लाल झाला. त्या वर गेल्या, पुस्तक घेऊन आल्या आणि पुढे केलं. त्या गृहस्थांनी ते चाळलं. प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीच्या मुंग्या.

"हे सगळं तुम्ही लिहिलंत?"

"मुदत संपली होती म्हणून... मी खोडून देते."

"छे, छे! मी पाचव्या पानावर झोपलो होतो. म्हणून तर ते बसमध्ये राहिलं." त्यांनी पुस्तक मिटून बाईंच्या हातात परत दिलं. "घरी सांगतो, मिळालं नाही. बायकोने वाढदिवसाला दिलं होतं, परत नेलं तर वाचावं लागेल."

सगळेच असे हसत गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी एक वयस्क गृहस्थ आले. इस्त्रीचा सदरा, हातात घडी केलेली कापडी पिशवी. त्यांनी तक्रार केली होती ती अर्ध्या विणलेल्या स्वेटरची. निळी लोकर, सुया त्यातच अडकलेल्या. बायको इस्पितळात पडल्या पडल्या विणत होती. ती गेली त्या दिवशी तिचं सामान घेऊन ते बसने घरी निघाले, आणि ती पिशवी बसमध्ये राहिली. बाईंनी त्यांना सांगितलं की निरोप चुकीचा होता. ते म्हणाले, "पण सापडला असं लिहिलं होतं."

बाई त्यांच्याबरोबर गोदामात गेल्या. दोघांनी मिळून तीन तास प्रत्येक फडताळ पाहिलं. लोकरीचं जे जे होतं ते उघडून पाहिलं. निळा स्वेटर नव्हता. शेवटी त्यांनी पिशवीची पुन्हा घडी केली आणि म्हणाले, "निरोप आला नसता तर बरं झालं असतं, बाई. मी विसरत आलो होतो." आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. बाई त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे कोरडे होते, पण त्या जिना चढल्या नाहीत, खालीच माझ्या स्टुलावर बसून राहिल्या. मी चहा आणला, तो तसाच निवला.

त्यानंतर तीन आठवडे पोटमाळ्यावर एकच काम चाललं होतं. तक्ता आदल्या दिवशीच्या प्रतीवरून त्यांनी पहिल्याच संध्याकाळी पूर्ववत केला होता. जी वस्तू घरी गेली तिच्यापुढे आता एकेक करून 'परत दिली' लिहिलं. मग त्यांनी आपली सगळी फंक्शनं काढली, सत्तेचाळीस भरली, आणि एकेकाच्या आतली नावं बदलली. फंक्शनमध्ये जे आत येतं त्याच्या नावाआधी 'आलेला' लावायचं. जे डब्यातून बाहेर जातं त्याच्याआधी 'द्यायचा'. आलेला क्रमांक. द्यायचं नाव. द्यायचा फोन. तक्त्यातल्या रकान्यांची नावं होती तशी. आता एखादी ओळ वाचली की कोण घरचं, कोण पाहुणा आणि कोण निघालेलं ते दुरून कळायचं. चाचणीच्या तक्त्यातही त्यांनी पन्नास तक्रारी घातल्या, सगळ्या आमच्याच नावांनी. काकांची दहा वेळा कुबडी हरवली. भिंतीवरचा कागद त्यांनी काढला नाही, पण त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं: आणि दोन वस्तूंना दोन.

घरीही त्यांनी हे लागू करायचा प्रयत्न केला. सासूबाईंना मोठी आई म्हणायचं, असं मुलीला सांगितलं. सासूबाई आपल्या घड्याळजी मुलाकडे, म्हणजे बाईंच्या नवऱ्याकडे, तक्रार घेऊन गेल्या. "मी एवढी म्हातारी दिसते का रे?" तो डोळ्याला भिंग लावून बसला होता. तो वर न बघता म्हणाला, "कोण, आई?" आणि स्वयंपाकघरातून बाईंनी ओ दिली. तिथे ती सुधारणा थांबली. दूध मात्र त्यांनी स्वतःकडे घेतलं.

दोन वर्षांनी वरच्या कचेरीने सगळ्या विभागांना नवा डेटाबेस दिला. तो बसवायला एक तज्ज्ञ आले. गळ्यात ओळखपत्र, हातात दोन फोन. त्यांनी बरोबर आणलेलं त्यांचं स्वतःचं फंक्शन चालेचना. बटण दाबलं की नवा डेटाबेस थांबायचा आणि सांगायचा, 'फोन' हे नाव संदिग्ध आहे. तज्ज्ञ वैतागले. "जुन्यावर गपगुमान चालायचं. हा फारच किरकिरा आहे."

बाई जिन्यावरून वाकून बघत होत्या. "काय म्हणाला तो?"

"फोन कोणता, विचारतोय."

बाई धावत खाली आल्या. त्या वयात जिन्यावरून धावताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं. त्यांनी पडद्यावरचं ते वाक्य दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. "विचारतोय!" त्या म्हणाल्या. "अगं खिडकी, हा मनाने धरत नाही, विचारतोय!"

मग त्यांनी तज्ज्ञांना म्हटलं, "तुमच्या डब्याचं नाव फोन आहे आणि रकान्याचंही फोन. डब्याला द्यायचा फोन म्हणा." तज्ज्ञांनी बदललं. चाललं. त्यांनी हातातले दोन्ही फोन खाली ठेवले. "बाई, तुम्ही कुठे शिकलात हे?"

"सात नंबरच्या बसमध्ये," काकाच मध्ये म्हणाले.

पुढे वरच्या कचेरीने बाईंचा 'आलेला' आणि 'द्यायचा' हा नियम बाकीच्या विभागांनाही लावला. पत्रक निघालं, त्यात बाईंचं नाव नव्हतं. साहेबांनी बाह्या वर करून त्याबद्दल एक खरमरीत पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. बाईंना त्याचं काही वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर दाखवलं नाही.

मागच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. पोटमाळा आता माझ्याकडे आहे, आणि खिडकीवर दुसरी आहे. जाताना त्यांनी मला सगळ्या फंक्शनांची यादी दिली, प्रत्येकापुढे काय करतं ते सुवाच्य अक्षरात. पहिल्याच आठवड्यात यादीत नसलेलं एक फंक्शन मला दिसलं. त्याचं नाव होतं 'तात्पुरतं'. लिहिल्याची तारीख अकरा वर्षांपूर्वीची. आणि ते रोज सकाळी इमानेइतबारे चालत होतं.

मी फोन लावला. "बाई, हे तात्पुरतं काय आहे?"

 मग नावांच्या बाबतीत सगळ्या गोदामाचा घाम काढणाऱ्या आमच्या अनुस्वारबाई खुदकन हसल्या.

"ते होय! घाईत ठेवलं होतं गं नाव. काय करतं ते आता मलाही आठवत नाही."

"मग काढून टाकू?"

"अजिबात हात लावू नकोस," बाई म्हणाल्या. "मी उद्या येते."